रुखवतातला मोर

पुष्पाबाई : …मोर तर मोर, वरून पिसारा काय, तुरा काय! असे क्रोशाचे रुमाल जळगावच्या बाजारात दोरीवर टांगलेले मी माझ्या डोळ्यांनी देखेल शेतस. कुंदा, तूच सांग. तुझ्या रुखवतातला मोर तुझ्या हातचा, हे खरं का?

कुंदा : खरं आहे, काकी. मीच विणला.

पुष्पाबाई : मंग माघात लग्न झालं, आता आखाजीचा सण तोंडावर आला, तरी या घरात तुझ्या हातात सुई कोणी देखली नही. ते कसं?

सुंदरबाई : पुष्पाबाई, तू उडीद भरडायला आणले का माझ्या सुनेची झडती घ्यायला?

पुष्पाबाई : दोन्हीला. माझ्या जात्याला टाकी लावायची राहिली, म्हणून उडीद आणले. अन् विहिरीवर बाया बोलतात, म्हणून तोंड आणलं. बठ्ठं शिरपूर बोलतं, सुंदरबाईनं मोर देखून सून केली अन् मोर निघाला उसना!

सुंदरबाई : बठ्ठं शिरपूर म्हणजे तू अन् तुझी शेजारीण.

पुष्पाबाई : हसण्यावारी नको नेऊ. तूच सांगत फिरलीस ना गावभर? पाहायला गेलो तर आरशावर रुमाल पांघरलेला, रुमालावर मोर, अन् पुरुषमाणसं शेतीवाडीचं बोलत होती तोवर मी मोराशीच बोलून घेतलं म्हणून?

सुंदरबाई : सांगितलं. अजूनही सांगेन.

पुष्पाबाई : मंग होऊन जाऊ दे. कुंदा, बस आठे माझ्याशेजारी. दोरा घे. मोर नको, कोंबडी नको, नुसती साखळी घालून दाखव.

कुंदा : आत्ता? काकी, चुलीवर वरण…

सुंदरबाई : वरण मी देखते. दाखव, बाई. एकदाचा हिच्या जिवाला थंडावा मिळू दे. ही घे सुई.

पुष्पाबाई : अगं सुंदर, तुझ्याकडे क्रोशाची सुई कुठून आली?

सुंदरबाई : आली कुठून तरी. तू तिच्या हाताकडे देख.

पुष्पाबाई : देखतेच. हां, गाठ मारली. आता दोरा बोटावर… अगं, बोटावर! सुई निसटली. घे परत. आता काय झालं? अडकली? ओढ… नको ओढू. माय वं! ही साखळी शे का म्हशीचं दावं?

कुंदा : काकी, पुन्हा एकदा करते.

पुष्पाबाई : राहू दे. पारख झाली. उद्या तुझा भाऊ मुऱ्हाळी येईल ना आखाजीला माहेरी न्यायला? त्यालाच ओट्यावर बसवून चार बायांसमोर विचारते, मोर केवढ्याला पडला म्हणून. उडीद जाडे नको ठेवू, सुंदर. मी डाळ न्यायला येतेच.

(पुष्पाबाई म्हणजे सुंदरबाईंच्या चुलत जाऊ. त्या तडातडा पायऱ्या उतरून गेल्या. दुपार ओट्यावर टेकलेली, वैशाखाचा वारा दाराच्या कडीशी खेळत होता. घरात सगळे सुंदरबाईंना अक्का म्हणत, तशी कुंदाही म्हणायची. आत्ता ती मान खाली घालून गुंतलेला दोरा सोडवत होती. उद्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, न्यायला भाऊ येणार, हौसेने फेटा बांधून येणार, आणि त्याच्यासमोर आपल्याला, आपल्या आईबापांना गाव खोटं म्हणणार.)

सुंदरबाई : डोळे पूस आधी. ती बोलते फटकळ, पण पोटात काही ठेवत नही. आता आपण दोघीच शेत. खरं सांग, मोर तुझ्या वहिनीनं विणला का?

कुंदा : नाही, अक्का. मीच विणला.

सुंदरबाई : आईनं?

कुंदा : आईला क्रोशा येत नाही.

सुंदरबाई : मंग आत्ता काय झालं ते?

कुंदा : हात कापत होता.

सुंदरबाई : माझ्यासमोर भाकरी थापतेस, तेव्हा नही कापत.

कुंदा : वरण करपेल, अक्का. उतरवून येते.

सुंदरबाई : बरं, नको सांगू. चल, जात्यावर बस. उडीद भरडून टाकू, नही तर ती डाळीवरूनही महाभारत करेल. तिकडे बस, माझ्या समोर. खुंट्याला हात लाव. जात्यात मूठमूठ वैरण तू घाल.

कुंदा : अक्का, तुम्ही रागावलात?

सुंदरबाई : राग नही गं. वाईट वाटलं. मोराचं नही वाटलं, मी मनात एक धरून बसले होते, त्याचं वाटलं.

कुंदा : काय?

सुंदरबाई : ती सुई देखलीस ना? धुळ्याला गेले होते, तिथून आणली. किती वर्षं झाली! कणगीमागच्या डब्यात ठेवली होती. शाळेच्या मास्तरीणबाई ओसरीवर विणत बसायच्या, मी त्यांच्या शेजारी जाऊन बसायची. त्यांचा दोरा कसा सरसर जायचा, अन् माझा तिसऱ्या टाक्याच्या घरालाच रुसायचा. बाईंची बदली झाली, सुई डब्यात गेली. तुझे मामंजी म्हणाले, सुंदरे, जाळं विणतेस का? तापीत मासे धरू!

कुंदा : (हसते) मामंजी असं म्हणाले?

सुंदरबाई : हस, हस. त्यांचं काय जातं! मी जन्मभर कापूस वेचला, कुंदा. बोंडांच्या काट्यांनी बोटं फाटली. गाड्या भरून कापूस सरकी काढायला जीनमध्ये गेला, अन् त्यातला एक धागा माझ्या हौसेला आला नही. गोधडी शिवली, ती थंडीसाठी. पिशवी शिवली, ती बाजारासाठी. वाटायचं, एक तरी असं करावं, की ज्याचा काही उपयोग नसेल. नुसतं देखत बसावं. यंदा आखाजीला गौराईच्या पाटावर घालायला चार बोटं रुंद झालर माझ्या हातची व्हावी. तुझा मोर देखला अन् म्हटलं, देवानं मास्तरीणबाई घरातच पाठवली.

कुंदा : अक्का…

सुंदरबाई : जाऊ दे. जातं ओढ. मुकी मुकी कशाला ओढतेस, एखादी ओवी म्हण. नही? मीच म्हणते मंग.

जात्याच्या दोन्ही अंगी दोघी बसल्या समोर
एकीच्या हाती सासर, एकीच्या हाती माहेर

कुंदा : छान आहे. कोणाची?

सुंदरबाई : आत्ता तोंडात आली. तू जोड पुढे.

कुंदा : जातं फिरे गरगरा, डाळ पडे भोवताली
माझ्या मनातली गोष्ट माझ्या मुठीत राहिली

सुंदरबाई : माय वं! एवढं ओझं ओवीत घातलंस? तरीच जातं जड जातं शे… थांब. थांब जराशी.

कुंदा : काय झालं?

सुंदरबाई : जड कुठे शे? हलकं झालं! आत्तापर्यंत मीच ओढत होते, तू नुसती हात ठेवून होतीस. ओवी म्हणायला लागलीस अन् जातं पाण्यासारखं फिरायला लागलं. वैरण कोणत्या हातानं घालतेस गं?

कुंदा : उजव्या.

सुंदरबाई : अन् खुंट्याला कोणता?

कुंदा : …चुकून गेला, अक्का! नकळत बदलला गेला. परत नाही लावणार.

सुंदरबाई : काढू नको हात. देखू दे. कुंदा, तू डावरी शे?

कुंदा : अक्का, भावाला काही सांगू नका. मला परत पाठवू नका. मी सगळं उजव्या हाताने करते, तुम्ही बघताच ना? वाढते, लाटते, देवाला फूल वाहते. आजीने लहानपणी डाव्या हाताला फडकं बांधून ठेवलं होतं, त्यानं बरंच सुटलं. सुई तेवढी सुटली नाही. सुई उजव्या हातात धरली की तो हात माझा वाटतच नाही.

सुंदरबाई : अन् मोर?

कुंदा : डाव्या हाताने विणला. माडीवर, दाराला कडी लावून. आई म्हणाली, सासरी सगळं उजव्या हाताने कर, अन् जे उजव्या हाताने येत नाही, ते येतच नाही म्हण.

सुंदरबाई : मंग रुखवतात मांडला कशाला?

कुंदा : तुम्ही पाहून गेल्यावर आईने तो ट्रंकेच्या तळाशी लपवला होता. बाबांनी काढून मधोमध मांडला. त्यांना आमचं ठरलेलं कोणी सांगितलंच नव्हतं.

सुंदरबाई : अरे देवा! म्हणजे बापानं लेकीचा मोर नाचवला, अन् आई कोपऱ्यात घाम पुसत बसली!

कुंदा : तुम्ही हसताय?

सुंदरबाई : हसू नको तर काय करू? छातीवरून धोंडा उतरला, बाई! मी मघापासून मनाशी घोकत होते, सून खोटं बोलणारी आली, आता एका चुलीपाशी जन्म कसा काढायचा. खोटी नही, डावरी निघाली! डावरी तर डावरी. चुलीपाशी तुझ्या पळीची खुंटी डाव्या अंगाला ठोकू.

कुंदा : खरंच? तुम्हाला चालेल?

सुंदरबाई : देवाचं पान, हळदकुंकू उजव्या हातानं कर, पंगतीत उजव्या हातानं वाढ. चार लोकांत राहायचं शे आपल्याला. पण सुईला कोणी पंगतीत बसवत नही. डाळ झाली, जातं राहू दे. घे ती सुई. डाव्या हातात घे.

कुंदा : इथे? दार उघडं आहे, अक्का.

सुंदरबाई : उघडंच राहू दे, उजेड लागेल.

कुंदा : ही गाठ. ही पहिली साखळी. ही दुसरी. आता वळून खांब घालते…

सुंदरबाई : हळू, हळू! अगं, हा हात शे का चिमणी? हीच पोर मघाशी दावं वळत होती! माले शिकव. थांब, तुझ्याशेजारी येऊन बसते.

कुंदा : नको, उठू नका. तशाच समोर बसा. वहिनीला शिकवताना शेजारी बसवलं तर तिला सगळं उलटं जायचं. म्हणून मी…

सुंदरबाई : अगं, जात्यावर बसतो तसंच! दे दोरा. सुई एकच शे, मंग मी काय घेऊ?

कुंदा : माझी सुई चोळीच्या घडीत आहे. माहेराहून लपवून आणली. ही माझी मी घेते, तुमची तुम्ही घ्या. हं. आता माझ्याकडे बघा. मी या हातात सुई धरली, तुम्ही त्याच्या समोरच्या हातात धरा.

सुंदरबाई : समोरचा म्हणजे माझा उजवा.

कुंदा : हो. माझा दोरा खिडकीच्या बाजूला, तुमचाही खिडकीच्या बाजूला. मी सुई चुलीकडे ओढली, तुम्हीही चुलीकडे ओढा. दुसरं काही लक्षात ठेवू नका. चुलीकडून खिडकीकडे, खिडकीकडून चुलीकडे.

सुंदरबाई : चुलीकडून… खिडकीकडे. अन् आता?

कुंदा : दोरा आकड्यात धरा आणि घरातून बाहेर काढा. ओढू नका, बोलवा त्याला.

सुंदरबाई : ये रे बाबा… आला! कुंदा, आला! हे घर झालं का?

कुंदा : झालं. अजून एक.

सुंदरबाई : हे तिसरं. इथेच रुसायचा मेला. चुलीकडून खिडकीकडे… आला गं! इतकी वर्षं मी आपली समजत होते, माझ्याच बोटांना अक्कल नही. तुझ्या हाताकडे देखते तर वाटतं, माझाच हात माले दाखवतो शे.

कुंदा : आता थांबू नका. पन्हाळीतल्या पाण्यासारखं जाऊ द्या.

पुष्पाबाई : सुंदर, डाळ झाली का? …माय वं! हे काय चाललंय? अगं ए कुंदा, तुझी सुई कोणत्या हातात शे?

सुंदरबाई : डाव्या. ये, बस.

पुष्पाबाई : डाव्या! म्हणजे डावरी शे ही?

सुंदरबाई : डावरी शे, अन् मोर हिचाच शे. माले दोन्ही एकदम कळलं, तुलाही एकदमच सांगते. मघाशी तू हिला उजव्या हातानं विणायला बसवलंस. तुला डाव्या हातानं कुंकू लावायला सांगितलं, तर कपाळावर लागेल का कानावर?

पुष्पाबाई : ते खरं, पण गौराईची झालर डाव्या हातानं…

सुंदरबाई : झालर माझ्या हातची शे, अन् माझा हात उजवा शे. देख. ही बघ साखळी. ओढ, सुटत नही. हिनं नुसतं दाखवलं.

पुष्पाबाई : तरी पण, सुंदर, लोक काय…

सुंदरबाई : बरं, तुझी डाळही हिनंच भरडली. खुंट्याला डावाच हात होता. कशी बारीक, एकसारखी पडली देख. ठेवून जातेस का नेतेस?

पुष्पाबाई : …नेते की. भरडलेली डाळ कोणी टाकतं का?

कुंदा : काकी, उद्या भाऊ आला की…

पुष्पाबाई : आला की त्याला ताक पाजीन. आंब्याचा रस करीन. अजून काही?

कुंदा : ओट्यावर बसवून विचारणार होतात ना?

पुष्पाबाई : विचारीन. म्हणेन, तुझ्या बहिणीला मोर येतो, पोपट येतो का? माझ्या गौराईच्या पाटाला काही नको का? सरक जराशी, सुंदर. तू एकटीच समोर बसलीस, माले काही दिसत नही.

सुंदरबाई : तुझं जातं वेगळं, तुझी जागा वेगळी. बस, बस, रागावू नको. आठे ये, खिडकीच्या अंगाला.

कुंदा : अक्का, किती पुढे गेलात! वीतभर होत आली.

सुंदरबाई : बोलू नको, घर चुकेल.

कुंदा : पण मी उद्या गेले की? आखाजी झाल्याशिवाय यायची नाही मी. मधेच दोरा अडला तर कोणासमोर बसाल?

सुंदरबाई : तुझ्या मोराचा रुमाल आपल्या आरशावरून काढेन, अन् आरशासमोर बसेन. माझा उजवा हात त्यात डावा दिसतो. वाटेल, तू समोरच बसली शे.