ओकुमुरा सेन्सेईंचं धुराडं

स्नेहलता : अगं, आवाज येतोय पण माणूस दिसत नाही. आहेस कुठे तू?

अस्मिता : माळ्यावर, आई. छताला चौकोनी झाकण आहे ना, त्याच्या आत. तुम्ही फक्त फायरप्लेसच्या तोंडाशी लावलेली ती चादर हलू देऊ नका. काजळी बाहेर उडाली तर क्षितिजच्या साहेबांच्या, सेन्सेईंच्या गालिच्याची वाट लागेल.

स्नेहलता : धरलीय गं, दोन्ही हातांनी धरलीय. एम.ई. सिव्हिल झालेली सून धुराडं घासतेय आणि सासू चादर धरून उभी आहे. पुण्यात सांगितलं तर थाप वाटेल.

अस्मिता : पुण्यात तुम्ही काय सांगता माझ्याबद्दल?

स्नेहलता : खरं तेच. जपानात चिमण्या साफ करते आणि तपासते. शेजारच्या कस्तुरीला वाटलं, स्वयंपाकघरातल्या. म्हणाली, आमची फार तेलकट झालीय, सून आली की पाठवा.

अस्मिता : हसवू नका हो, इथे वाकून बसलेय. डोकं आपटेल. हं, आता चादर सोडलीत तरी चालेल. ब्रशचं काम झालं.

स्नेहलता : बाई गं, ही काय काजळी! पोतं भरलं. एवढी साठेपर्यंत काय करत होते हे लोक?

अस्मिता : हे घर सेन्सेईंच्या वडिलांनी बांधलं. ते होते तोवर दर वर्षी साफ व्हायचं. ते गेले आणि नंतर कोणी बघितलंच नाही. थंडीत चार वेळा पेटवायचे, बस्स.

स्नेहलता : आमच्या बाथरूममधल्या बंबासारखंच. वापरायला सगळे, राख काढायला एकटी मी. झालं ना मग? ये खाली, चहा घे.

अस्मिता : तपासणी राहिलीय.

स्नेहलता : साफ झाल्यावर काय तपासायचं?

अस्मिता : साफ झाल्यावरच दिसतं, आई. काजळीखाली सगळी धुराडी सारखीच. कॅमेरा सोडतेय आत, थांबा जरा.

स्नेहलता : थांबते. सेन्सेईंच्या आई, त्या आजीबाई, तिकडे कधीच्या तयार होऊन बसल्यात. नव्वदीचा किमोनो नेसून. मघाशी मला हातानं करून दाखवत होत्या, जाळ असा वर जातो म्हणून. नवऱ्यानं बांधलेल्या चुलीत वाढदिवसाला जाळ बघायचाय त्यांना, एवढं मला भाषा येत नसूनही कळलं. अस्मिता? ऐकतेयस ना?

अस्मिता : क्षितिज कुठे आहे?

स्नेहलता : सेन्सेईंबरोबर स्टेशनवर गेलाय, लॅबच्या लोकांना आणायला. येतीलच. का गं?

अस्मिता : खाली येते. शिडी धरा.

स्नेहलता : अगं, चेहरा बघ काय झालाय! काळा तर आहेच, पण त्याखाली पांढरा पडलाय. काय झालं?

अस्मिता : आज इथे जाळ पेटवायचा नाही.

स्नेहलता : काय म्हणतेस? लाकडं रचून ठेवलीत त्यांनी!

अस्मिता : हा फोटो बघा. हे धुराडं माळ्यातून वर जातं, तिथलं. दोन हजार अकराच्या भूकंपात या भागातली कौलं पडली होती ना, तेव्हा यांचं छत दुरुस्त झालं. धुराड्याला बाहेरून गिलावा दिला. माळ्यात कोणी डोकावलंच नाही. इथे विटांमधला चुना निघालाय. बोट जाईल एवढी फट आहे. आणि ही फटीजवळची तुळई.

स्नेहलता : ही? काळ्या रंगाची?

अस्मिता : रंग नाही तो. बोटानं खरवडलं तर कोळसा हातात येतो.

स्नेहलता : अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं पेटवत होते तेव्हा...

अस्मिता : नशीब. आणि काजळी. काजळीनं ती फट बुजली होती, आई. ती आज मी काढली. म्हणजे काल पेटवलं असतं तर कदाचित निभावलं असतं. आज नाही.

स्नेहलता : अस्मिता, मी तुला शिकवायला जात नाही. पण मार्चमध्ये क्षितिजचं कंत्राट संपतंय.

अस्मिता : माहितेय.

स्नेहलता : ते पुढे चालू ठेवायचं की नाही हे याच सेन्सेईंच्या हातात आहे.

अस्मिता : तेही माहितेय.

स्नेहलता : मग जरा गोड बोलून... ओलं लाकूड आहे, वारा उलटा आहे, असं काहीतरी...

अस्मिता : लाकूड वाळलं की पेटवतील ना ते! वारा काय, संध्याकाळपर्यंत फिरेल. रात्री ही नव्वद वर्षांची बाई याच छताखाली झोपणार आहे.

स्नेहलता : हो गं. ते खरंच. आला बघ हा.

क्षितिज : झालं का? वा, चकाचक! सेन्सेई गाडी लावतायत, सगळे तिकडे आजींच्या खोलीत बसतील. जाळ पेटला की इकडे बोलवायचं. अस्मिता, तू जरा तोंड धुऊन घे ना.

अस्मिता : क्षितिज, जाळ नाही पेटवायचा. धुराडं माळ्यात फुटलंय. तुळईचा कोळसा झालाय.

क्षितिज : थट्टा करतेस?

स्नेहलता : तिच्या तोंडाकडे बघ आणि विचार.

क्षितिज : अरे यार. ऐक, एक तास. फक्त एक तास, छोटासा जाळ. फोटो काढून होतील, आजी खूश होतील, विझवून टाकू. उद्या मी स्वतः सांगतो सेन्सेईंना.

अस्मिता : छोट्या जाळाच्या ठिणग्या छोट्याच राहतात का?

क्षितिज : तुला कळत नाहीये. मी आत्ता गाडीत सांगून बसलोय, सगळं ओके आहे म्हणून. पाच जणांसमोर.

स्नेहलता : उचलली जीभ, लावली टाळ्याला.

अस्मिता : कोणाला विचारून सांगितलंस?

क्षितिज : तूच काल म्हणालीस, सोपं काम आहे!

अस्मिता : साफ करणं सोपं आहे म्हणाले. आतून कसं आहे ते बघितल्याशिवाय कसं सांगणार?

क्षितिज : हे बघ, आपण त्यांना हे प्रेझेंट देतोय. वाढदिवसाचं. मी म्हटलं त्यांना, आमच्या घरचंच आहे, अस्मिता करेल. प्रेझेंट देताना कोणी त्यांच्या घरातल्या चुका काढतं का?

अस्मिता : प्रेझेंट तू दिलंस. हात माझे.

स्नेहलता : हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

क्षितिज : आई, तू कोणाच्या बाजूनं आहेस?

स्नेहलता : मघापर्यंत तुझ्याच होते. मग हिनं फोटो दाखवला.

क्षितिज : छान. म्हणजे हिच्या एका बाइतोपायी माझं करिअर गेलं तरी चालेल.

स्नेहलता : बाइतो म्हणजे?

अस्मिता : बाइतो म्हणजे पोरं कॉन्बिनीत करतात ते, आई. दुकानात पार्ट-टाइम. परत म्हण, क्षितिज.

क्षितिज : मला तसं म्हणायचं नव्हतं.

अस्मिता : तसंच म्हणायचं होतं. पार्टीत विचारतात, बायको काय करते, तेव्हा तू काय सांगतोस ते ऐकलंय मी. जुन्या घरांचं काहीतरी बघते. काहीतरी! पहिल्या हिवाळ्यात लोक दार उघडून माझ्या मागे बघायचे, साफ करणारा माणूस कुठाय म्हणून. मला हे काम शिकवणारे कुरोदा-सान खाली उभे राहून शिडी धरायचे आणि सांगायचे, माणूस हाच, वर जातोय बघा. आता त्यांचे गुडघे गेले, तर त्यांची गिऱ्हाइकं मला फोन करतात. ती भारतीय बाईच पाठवा म्हणतात. का माहितेय? ब्रश कोणीही फिरवतं. ‘पेटवू नका’ म्हणायला माणूस लागतो. हे मी शिकलेय. मला याचा अभिमान आहे, आणि तुला लाज वाटते.

क्षितिज : लाज नाही वाटत. भीती वाटते. खरं सांगू? हे माझं तिसरं कंत्राट. हे गेलं तर या वयात मला कोण घेणार? आपल्या अद्वयची शाळा, त्याची भाषा, त्याचे मित्र, सगळं इथे. रात्री झोप लागत नाही मला.

अस्मिता : मला कुठे लागते? शेजारीच पडलेली असते ना मी. भीती मलाही वाटते, क्षितिज. पण मी होय म्हणाले आणि हे घर पेटलं, तर तुला कुठलं कंत्राट मिळणार आहे? ऐक. तू येऊ नकोस हवं तर. मी जाते त्यांच्याकडे आणि सांगते.

स्नेहलता : हात तरी पूस गं. गेली. तशीच गेली काळ्या हातांनी.

क्षितिज : आई, मी काय करू?

स्नेहलता : मला काय विचारतोस? मी आपली गणिताची मास्तरीण. पाहुणे आलेत म्हणून उत्तर बदलता येत नाही, एवढंच मी जन्मभर पोरांना सांगितलं.

क्षितिज : तुला सोपं आहे गं बोलायला.

स्नेहलता : नाही रे राजा, सोपं नाही. तुझी नोकरी गेली तर मला पुण्यात घास गिळायचा नाही. पण तुझ्या लॅबमध्ये कोणी म्हणालं, आज साहेबांची आई आलीय, रीडिंग जरा बरं लिही, तर लिहिशील?

क्षितिज : लिहिणार नाही.

स्नेहलता : का?

क्षितिज : कारण ते माझं काम आहे.

स्नेहलता : आणि तिकडे ती उभी आहे ती काय करतेय? घर जाळून कोळशाचा व्यापार करायचाय का आपल्याला? इथे बसून नखं काय खातोस? बायको एकटी गेलीय तिकडे. ऊठ.

(क्षितिज आत जातो. बऱ्याच वेळानं अस्मिता एकटीच बाहेर येते.)

स्नेहलता : काय झालं? हा कुठाय? ओरडले का ते?

अस्मिता : बसू द्या जरा.

स्नेहलता : पाणी घे. सावकाश सांग.

अस्मिता : मी सगळं सांगितलं. फोटो दाखवले. आजींचा चेहरा एवढासा झाला. मग सेन्सेईंनी माझ्या मागे बघितलं. दारात क्षितिज उभा होता. त्याला म्हणाले, तुम्ही तर गाडीत म्हणालात, काही काळजी नाही म्हणून?

स्नेहलता : अरे देवा. मग?

अस्मिता : कमरेत वाकला, आई. पूर्ण. म्हणाला, मी न बघता बोललो, चूक माझी. मला धुराड्यातलं काही कळत नाही. हिला कळतं. ही नाही म्हणाली म्हणजे नाही.

स्नेहलता : असं म्हणाला? सगळ्यांसमोर?

अस्मिता : त्याच्या ज्युनिअरांसमोर. आणि पुढे म्हणाला, हे हिचं कामच आहे, चार हिवाळे हेच करतेय ती, या भागातली निम्मी जुनी घरं हिनं बघितलीत. एवढं जपानी मी त्याच्या तोंडून सलग कधी ऐकलं नव्हतं. काहीतरी बघते म्हणाला नाही.

स्नेहलता : माझा लेक आहे. उशिरा कळतं त्याला, पण कळतं. आणि साहेब?

अस्मिता : कोट काढून ठेवला आणि विचारलं, शिडी कुठाय? मी सांगायच्या आत मागच्या जिन्याकडून माळ्यावर चढलेत. क्षितिज टॉर्च धरून मागे.

स्नेहलता : रागावलेत का गं?

अस्मिता : इथे राग लवकर कळत नाही, आई. मार्चमध्ये कळेल.

क्षितिज : अस्मिता! ऐकू येतंय का? वरून बोलतोय.

अस्मिता : येतंय, बोल!

क्षितिज : सेन्सेईंनी तुळईला हात लावला. पूर्ण काळा झालाय हात. विचारतायत, पाडावं लागेल का?

अस्मिता : अजिबात नाही! सांग त्यांना, वीट उत्तम आहे, वडिलांनी फार निगुतीनं बांधलंय. फुटलेला भाग उकलून पुन्हा रचायचा, आत पोलादी नळ घालायचा, तुळईचा तेवढा तुकडा बदलायचा. पुढच्या थंडीत बिनधास्त पेटवा म्हणावं!

क्षितिज : सांगतो! आणि तू मघाशी म्हणालीस ती फट... अगं, माझं आख्खं बोट आत गेलं. सॉरी, अस्मिता.

अस्मिता : बोट काढ आधी. अडकेल.

स्नेहलता : अगं, आजीबाई उठून इकडे आल्या बघ. धर त्यांना, किमोनो पायात येईल. बसा हो, बसा. अशा का बघतायत त्या चुलीकडे? वाईट वाटलं असणार. नव्वदाव्या वर्षी पुढच्या थंडीचा वायदा कोणाला देतेस तू?

अस्मिता : मलाही तेच डाचतंय. थांबा, काहीतरी म्हणतायत.

स्नेहलता : काय म्हणतात?

अस्मिता : म्हणतायत, नवऱ्याला सगळ्यात जास्त अभिमान याच धुराड्याचा होता. त्याच धुराड्यानं घर जाळलं असतं तर वर भेटल्यावर मी त्यांना काय तोंड दाखवलं असतं? बरं झालं वेळेवर सांगितलंत. पुढच्या थंडीपर्यंत मी थांबेन म्हणतात. घाई नाही.

स्नेहलता : घाई नाही! वा! ही बाई शंभरी गाठणार. आता माझ्याकडे बघून काय विचारतायत?

अस्मिता : विचारतायत, मी तुमची मुलगी का. काय सांगू?

स्नेहलता : सूनच सांग.

अस्मिता : मुलगी म्हटलं असतंत तरी मला आवडलं असतं, आई.

स्नेहलता : नको. मुलगी म्हटलं की त्यांना वाटेल, हे सगळं मी शिकवलं.