नानांचा आवाज, माझं तोंड

१९७४ चा जानेवारी, उत्तरेचा कोरडा धुळकट वारा सुटलेला, ओठ फुटायचे दिवस, आणि तुम्हाला सांगतो, रोज दुपारी मला तेच एक स्वप्न! नाना, म्हणजे आमच्या अशांती जमातीच्या गावाचे राजे, दरबारात माझ्या कानाशी पुटपुटतात, मी बोलणाऱ्याच्या मानाची काठी उचलतो, आणि... तोंड उघडं, आवाज गायब!

अहो, राजानं चारचौघांत बोलायचं नसतं, त्याचं बोलणं मी बोलायचं! एकतीस वर्षं बोलतोय! दहा दिवसांवर मोठा दरबार. आणि माझ्या हाताखालचा बोआतेंग विचारतो, "घसा बसला का काका? काठी धरू?" धर म्हणे!

अर्थ कुणाला विचारायचा? बायको म्हणते, "अहो, कंद कांडून केलेल्या फुफूचे दोन गोळे गिळून लगेच आडवे होता, तेच अडकतात." पाद्री म्हणतो, "देवाचा इशारा! मौन पाळा." मौन? मी? वैदू म्हणतो, "जीभ बांधलीय कुणी, कोंबडा आण." नेला. कोंबडा आरवला. मी? तोंड उघडं, आवाज गायब!

शेवटी नानांनाच विचारलं. ते हसले. "कुणाचं तरी बोलणं तुझ्याकडे राहिलंय. देणं आहे ते." कुणाचं? सगळ्या गावाचे निरोप मी पोचवले! बायको हळूच म्हणाली, "वन्सं. आणि आपली ती शेळी."

हं. दोन वर्षांमागं आमची शेळी हरवली, तेव्हा बहिणीला, सेर्वाला, मी भर चौकात चोर म्हणालो होतो. तिसऱ्या दिवशी शेळी कोकोच्या बागेत सापडली. मी गप्प.

आमच्यात माफी मागायला स्वतः जात नाहीत, मध्यस्थ जातो, दारूची बाटली घेऊन. रीतच आहे. पाठवलं बोआतेंगला. परत आला. "आत्या म्हणते, चोर म्हणताना मध्यस्थ नव्हता आणला, आता कशाला?"

बाटली ठेवून घेतली, बरं का!

गेलो. सेर्वा उखळात कांडत होती, आजूबाजूच्या बायका माना वर करून बघतायत. मी काठी टेकली, आणि... तोंड उघडं, आवाज गायब! भर दिवसा, डोळे टक्क उघडे! स्वप्न हे की ते?

"काय रे दादा, धूळ खायला आलास?"

"चुकलं," मी पुटपुटलो.

"वाऱ्यात ऐकू नाही आलं."

आलं होतं हो! चांगलं आलं होतं! पण काय करता? काठी आपटली, आणि गावाच्या वेशीपर्यंत जाईल अशा दरबारी आवाजात म्हणालो, "सेर्वा चोर नाही! मी चुकलो!"

तिनं मुसळ ठेवलं, बसायला स्टूल सरकवलं.

फिटलं.