डिंक गेलेली तिकिटं

नाव ठमाबाई हरिदास नागापुरे, नानाजी याची बहीण, वय अंदाजे ६२ वर्षे, धंदा धानाची शेती, राहणार मौजा सावळदोह, ता. नागभीड, जि. चंद्रपूर.

पोस्टाची वापरलेली तिकिटं काढून पुन्हा लावल्याच्या तक्रारीवरून मला ठाण्यात बोलावल्याने समक्ष हजर राहून जबाब देते तो असा. हवालदार गुणवंतराव यांना मी आधीच म्हटलं, भाऊ, मी बोलीन तसंच लिहा, माझ्या तोंडी तुमचे शब्द नोको. त्यांनी हो म्हटलं.

माझा लहाना भाऊ नानाजी आलापल्लीकडे सागवान तोडल्याच्या केसमध्ये चंद्रपूरच्या जेलात आहे. निकाल लागाचा आहे अजून. त्याची बायको माहेरी गेली, तिले मी दोष देत नाई. गेल्या साली मी तापानं फणफणली होती, त्याले राखी गेली नाई. त्यानं जेलातून सुटून आलेल्या आमच्या गावच्या इतवारीच्या हातानं निरोप धाडला, "ठमीबाईले विचार, मेली का तू?" हासतच म्हणला असंन तो. मले मात्र घास गेला नाई. यंदा धान रोवण्याच्या चिखलात गुडघा गेला, जाणं होत नाई, म्हणून राखी पोस्टानं धाडाचं ठरवलं.

माझे मालक किराणा दुकानात पोस्टाची तिकिटं विकाले ठेवत. ते वारले, दुकान बंद झालं, तिकिटांचा डबा फळीवर राह्यला. मी म्हटलं, घरात असून विकत काऊन घ्याचं? तिकीट का भात आहे, शिळं व्हाले? पण इतक्या पावसाळ्यांच्या ओलीनं सारी एकमेकांले चिकटून गेली होती. ओढली तर फाटत. मंग थाळीत पाणी घेऊन भिजवली, पट्ट्या सुट्या केल्या न् लुगड्यावर वाळवल्या. डिंक सारा पाण्यात गेला. आमच्याकडे कागुद चिकटवाले शीतच लागते. गरम भाताची शितं चोळून पट्ट्या लावल्या. जुनी तिकिटं लहान किमतीची, म्हणून सारा लखोटा भरला, पत्त्यापुरती जागा उरली.

पोस्टातल्या नूतन मॅडम नव्या आहेत, वर्ध्याकडच्या. त्यांनी नखानं कोपरा उचलून पाह्यला, तर खाली डिंक नाई, भात. त्या म्हणाल्या, "बाई, ही दुसऱ्या पाकिटांवरून काढलीत ना? शिक्का पडला नाही म्हणून पुन्हा लावता?" मी विचारलं, जुनी चालत नाई काय? त्यांनी सांगितलं, सरकारनं बंद केली नसतील तर न वापरलेली जुनी तिकिटं चालतात. पण एकदा टपालावर जाऊन आलेलं तिकीट, शिक्का नसला तरी, पुन्हा लावणं गुन्हा आहे. मले रागच आला. मी म्हटलं, "माझ्या घरी पत्र धाडते कोण, त्याची तिकिटं सोलत बसाले?" आवाज चढला माझा, खोटं नाई सांगत. लाईनीतला एक जण बोलला, "भाऊ जेलात, बहीण त्याच वाटेनं." तेव्हा मी टेबलावर हात आपटला. मॅडम घाबरल्या न् त्यांनी ठाण्यात फोन केला. पोरगी वाईट नाई. नवी नोकरी, तिले त्याची भीती.

गुणवंतरावांनी मले घरून डबा आणाले लावला. उरलेली तिकिटं ठाण्यातल्याच चहाच्या ट्रेमध्ये पाणी ओतून, लखोटा घेऊन आलेल्या मॅडमसमोर भिजवली. अख्खी पट्टी सुटून आली, कोरी, कुठी फाटली नाई. पाकिटावरून काढलेली तिकिटं अशी जोडून कशी राह्यतीन? लखोट्यावरही पट्ट्याच आहेत, हे मॅडमले मंग दिसलं. त्या म्हणाल्या, "बाई, चुकलं माझं. आधी नीट विचारायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "माय, मी बी टेबल आपटाले नोको होतं."

तरी गुणवंतराव म्हणाले, लखोटा मुद्देमाल म्हणून ठेवावा लागन. तेव्हा मले रडू आलं. राखीची पुनव तोंडावर आली. मी म्हटलं, "मले ठेवून घ्या, भाऊ, पण लखोटा जाऊ द्या." मॅडमनं तिथंच तक्रार मागे घेतल्याचं लिहून दिलं न् लखोटा घेऊन उठल्या, टपालाची थैली दुपारच्या गाडीनं जाते म्हणून. मी मागून ओरडून सांगितलं, "शिक्का जोरानं मारजा, माय!" माझी कोणाविरुद्ध तक्रार नाई.

जबाब गुणवंतरावांनी मले वाचून दाखवला. वर नावापुढं त्यांनी 'आरोपी नानाजी याची बहीण' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, 'आरोपी' खोडा. ते म्हणाले, "बाई, आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, कागदोपत्री तसंच लिहितात." मी म्हटलं, "मंग माझ्या नात्यात कशाले लिहिता?" मी पेन हातात घेतला नाई. मंग त्यांनी तेवढा शब्द खोडला न् बाजूला आपली सही केली. आता 'नानाजी याची बहीण' एवढंच आहे. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.

ठमाबाई हरिदास नागापुरे