उपवासाची कोरी पानं

सन्माननीय अध्यक्ष आण्णासाहेब, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आपल्या आहारतज्ज्ञ प्रमोदिनीताई, आणि तुळजापूर-अणदूरकडून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

रुग्णांच्या वतीनं दोन शब्द बोलण्याचा मान मला मिळाला. मी भागवत, अणदूरच्या शाळेत गणित शिकवतो. गणिताच्या मास्तरचे दोन शब्द म्हणजे किती, हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं. पण आज मला आवरू नका, मी लई खुशीत आहे. कारण सांगतो.

चार वर्षांपूर्वी मी एकशे बत्तीस किलोचा होतो. वजन कमी करण्याचं बायपास ऑपरेशन सोलापूरला झालं. तेव्हा माझी आई गजराबाई देवीला नवस बोलली, लेकरू सुखरूप घरी आलं तर ते जन्मभर उपास धरील. नवस आईचा, उपास माझा! अशी वाटणी आपल्याकडंच होते, नाही का? मंगळवार-शुक्रवार देवीचा, रविवार खंडोबाचा, शिवाय एकादशी आणि नवरात्राचे नऊ दिवस. वजन उतरत गेलं आणि घरादाराला वाटलं, हे उपासाचंच फळ.

मग मुतखडे सुरू झाले. दीड वर्षात दोनदा काढले. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, किडनीचं काम निम्म्यावर आलंय, असंच चाललं तर डायलिसिस. त्यांनी मला ताईंकडं पाठवलं. ताईंनी महिनाभराच्या खाण्याची वही मागितली. मी ती ताठ मानेनं पुढं केली. अर्ध्या पानांवर एकच शब्द होता, 'उपवास', आणि खाली सगळं कोरं.

कोरं पान बघून कुणीही पुढचं उलटलं असतं. ताई स्वतः उपास धरणाऱ्या घरातल्या. त्यांनी हसत विचारलं, "सर, उपवासाला काय काय असतं?"

मी उत्साहानं सांगू लागलो. शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली रताळी, वर मूठभर बदाम. पाणी बेतानंच, वर्गात चालू तास सोडून सारखं कुठं उठायचं? एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय! ताईंचं हसू मात्र गेलं. त्यांनी समजावलं की या ऑपरेशननंतर तेल-तूप नीट पचत नाही, ते आतड्यात कॅल्शियमला धरून बसतं. मग या पदार्थांतलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य, जे एरवी कॅल्शियमला चिकटून बाहेर पडायचं, ते मोकळं सुटून रक्तात जातं आणि किडनीत खडे करतं. हे पदार्थ बंद, तेल-तूप कमी, पाणी भरपूर, प्रत्येक जेवणात दही नाहीतर ताक. आणि उपास धरला की पाणी-ताक दोन्ही मागं पडतं, म्हणून उपवास तर नकोच.

हे आईला सांगायची माझी काय बिशाद! ताई रविवारची सुट्टी मोडून अणदूरला आल्या, आईसमोर जमिनीवर बसल्या आणि सगळं पुन्हा सांगितलं. आईनं वळत असलेली वात खाली ठेवली. मग मला म्हणाली, "नवस म्या बोलले व्हते, त्यो म्याच फेडीन. आता उपास म्या धरीन. तू जेव."

तेव्हा तिचं वय चौऱ्याहत्तर. मी रडलो, खोटं कशाला सांगू? ताईंनी लगेच तिच्या उपासालाही भगर आणि ताक ठरवून दिलं. गेल्या नवरात्रात नऊही दिवस तिनं मला आधी जेवू घातलं, मग स्वतः पाणी प्यायली. मंडळी, काल माझा रिपोर्ट आला. दोन वर्षांत एकही नवा खडा नाही, आणि डायलिसिसचं नाव आता काढायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

ताई, तुमचे आणि उपस्थित सर्वांचे मनापासून आभार. मास्तर माणूस घंटा होईपर्यंत बोलतो. काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आई तिसऱ्या रांगेत बसली आहे. ती आज सकाळी मला म्हणाली, "देवीला बोलताना म्या तुला इचारलंच न्हाय. माफी कर रं." आई, सगळ्यांसमोर सांगतो, माफी कसली मागतेस? माझा उपास तू उचललास, म्हणून मी इथं उभा आहे.