बिरदेवचा फॉर्म

न्हाई न्हाई, पान बरोबर हाय, ताई — शेवटचंच. खाली बघा, 'माहिती संकलन', त्यात तिसरं नाव, गोमटेश मगदूम. मीच त्यो. आता झेरॉक्स काढतोय, तवा सर्व्हे करत हुतो. बसा की, ते स्टूल वढा. पुण्यासनं सांगलीला एवढ्यासाठी आलाय, व्हय? ह्यो अहवाल तुमच्या पीएचडीत घालायचाय म्हणता — मग आधी ऐका, आन् मग काय ते ठरवा.

बारा वर्षं झाली. घरात कोण अंथरुणाला खिळलं तर त्येचं कोण करतं, असा सर्व्हे. बायकांना इचाराय दुसऱ्या पोरी हुत्या; माझ्याकडं पुरुष, जत तालुक्यातले एकशे वीस गाठायचे. पुरुष मिळत्यात कुठं? कोण मेंढरं घिऊन गेलेला, कोण ऊसतोडीला. दारात म्हातारी म्हणायची, "आवं, पाऊस लागल्यावर या." आन् मुदत आठ दिवस. मग काय केलं? — लिवून घेताय काय? घ्या, घ्या. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात बसून मीच भरले फॉर्म. आजाऱ्याला आंघोळ घालता का — न्हाई. घास भरवता का — न्हाई. अंथरूण बदलता का — न्हाई. तीन पेनं वापरली, अक्षर निराळं दिसाय पायजे म्हणून. आन् हात कुठं अडला न्हाई बघा. पुरुष कसा असतोय ते मला कुणी सांगाय पायजे व्हय? आमचे आप्पाच हुते की डोळ्यापुढं.

एकच फॉर्म खरा. बिरदेव म्हणून एक धनगर, त्येची बायको बयाबाई कमरंखाली लुळी पडलेली. मी गेलो तर ती उन्हाला भिंतीला टेकून बसलेली, आन् ह्यो मागं बसून तिच्या केसातला गुंता काढतोय. मला बघून उठला न्हाई, लाजला बी न्हाई. मेंढरं भावाकडं देऊन घरात बसलेला. सगळ्या प्रश्नांना व्हय, व्हय, व्हय. शेवटाला म्हणला, "सायेब, एक इचारू? हिच्या पाठीला जखम झालीया, चिघळाय लागलीया. काय लावावं?" मी म्हटलं, बाबा, मी काय डॉक्टर न्हवं. पर फॉर्मवर सगळं लिवलं, जसंच्या तसं.

हितं सांगलीच्या हापिसात आल्यावर सुपरवायझरनं बघितलं आन् हसला. "गोमटेश, सगळीकडं एकसारखं आन् ह्या एकातच उलटं? बायकोची उत्तरं नवऱ्याच्या रकान्यात घातलीस लेका. दुरुस्त कर." म्हंजे बघा, ताई — खोटे एकशे एकोणीस बरोबर, आन् खरा एक तेवढा चुकलेला. बोलायचं हुतं मी. पर बोलाय गेलो तर हॉटेलातलं सगळं भाईर येणार की. व्हाइटनर लावला, फुंकर मारली, न्हाई लिवलं.

मग ह्यो अहवाल छापला — पाहणीत शुश्रूषा करणारा एकही पुरुष आढळला नाही. आन् त्येच्यावरनं जतला शिबिर बेतलं. आजाऱ्याला कुशीवर कसं वळवायचं, जखमा कशा धुवायच्या. फक्त महिलांसाठी. मी दारात नावं लिवून घेत हुतो. बिरदेव आला, चालत आला उन्हातनं. सिस्टर म्हणाल्या, "मामा, घरातल्या बाईला पाठवा की." त्यो म्हणला, "घरातली बाईच पडलीया, बाई." मागं बायका हसल्या. मग सिस्टरनी माझ्याकडं बघितलं — आन् मी, ताई, वहीत बघितलं. त्यो जरा वेळ खिडकीशी उभा ऱ्हायला, आतलं काय दिसतंय का बघत. कुणीतरी खिडकी लावली. गेला मग. श्रावणात बयाबाई गेली, त्या जखमेनंच. भेटाय गेलो न्हाई मी. कुठल्या तोंडानं जाणार?

काय? — आप्पांचं काय? त्येचा तुमच्या पीएचडीला काय उपयोग... माझी आई कॅन्सरनं गेली. मी तवा कोल्हापुरात हॉस्टेलला. सुट्टीला आलो की आप्पा आपले भाईरच्या सोप्यात पेपर धरून, आईच्या खोलीत पाय ठेवायचे न्हाईत. सगळं सुंदरीआत्ती करायची. आई तळमळतीया, आन् ह्यो माणूस पेपर वाचतोय! ती गेली तवापासनं मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. तेवीस वर्षं. एकाच घरात, ताई. जेवलाय का म्हणून बी इचारलं न्हाई.

गेल्या साली आप्पा गेले. रक्षाविसर्जनाला आत्ती रडत म्हणाली, "तुझ्या आईचं सगळं त्येनंच केलं रं. लुगडी बी त्योच धुवायचा, मळ्यातल्या विहिरीवर, कुणाला दिसू नये म्हणून. तू यायचास तेवढे दिवस मी करायची, त्यो भाईर बसायचा. पोरानं बापाला असं बघू नये म्हणायचा." मी म्हटलं, आत्ती, हे आत्ता सांगतीस? तर म्हणाली, "त्येनं शपथ घातलेली."

म्हंजे ज्या माणसाकडं बघून मी फॉर्म भरत बसलो हुतो, त्यो मला म्हाईतच नव्हता. एकशे एकोणीस घरातलं मला ठाऊक, आन् माझ्या घरातलं...

व्हय, माझं नाव घाला. भरलेत मीच म्हणून घाला. बिरदेवचं इचारून घाला, असला तर.

आता काय? — मी का बोलत न्हाई, ते आप्पांना ठाऊक हुतं का? त्ये... त्यांनी कधी इचारलं न्हाई. मी —

बास, ताई. गिऱ्हाईक आलंय. बोला ओ, किती प्रती काढायच्या?