बिनक्लचची गाडी

न्हाई, ते नव्वद नंबरचं ऑइल तुझ्या पिशवीतच राहू दे, बंकट. ते ट्रॅक्टरला घाल. हिचं ऑइल मी लातूरहून मागवलंय — ते बघ, वसरीत डबे हायेत — पातळ असतं, बिटाच्या रसावानी लाल. हसतोस कावून? धारूरला दुकानावर पाटी लावलीस, सगळ्या गाड्यांचं काम होईल म्हणून, अन् बिनक्लचची गाडी बघितली की म्हणतोस, केसरबाई, जुन्या गाडीचं ऑइल बदलू नका, बदललं की बसती ती. कुणी सांगितलं? मोहनराव भाऊजींनी. त्येंनीच. दुसरं कोण सांगणार? माझा दीर हाय, मला न्हाई का ठावं — ही गाडी भंगारात गेलेली बघायचीय त्येंना. अख्खा साखर कारखाना भंगारात काढला त्या माणसानं, एका गाडीचं काय घेऊन बसलास. नीज खाली. पोतं टाकलंय की. तुझ्या कपड्याला काय सोनं लागलंय? खालचा नट सैल कर अन् घमेलं सरकव.

उतरलं? काय रंग हाय? काळंच असणार. वास घे — करपलेला येतोय न्हवं, दूध बुडाला लागल्यावर येतो तसा? म्हणजे इतकी वर्षं कुणी हात लावला न्हाई. मग घाटात दम कुठून धरणार ती? परवा वळणावर इंजिन नुसतं बोंबलायलं अन् गाडी मागं सरकायली — मागच्या बाजूला दुधाचे कॅन, कॅनाला धरून सरस्वतीबाई बसलेली, खाली दरी. ब्रेकवर उभी राहिले अक्षरशः. आमच्या बायांच्या सोसायटीचं सगळं दूध हिच्यातनं जातं. टेम्पोवाला वस्तीवर येत न्हाई, चारी चाकं वढल्याबिगर वढ्यातनं निघत न्हाई कुणी. ही बसली की सोसायटी बसली — अन् तेच बघायला गावातले मिशीवाले पारावर जाऊन बसलेत. बसू दे. त्येंना बसण्याबिगर येतंच काय.

काय म्हणालास? पुन्हा म्हण. बाईमाणसानं चालवून गिअर गेला. हां — आता पोटातलं बोललास. छावणीतला हौद बी ऐकला असशील मग. चेअरमनच्या बायकोनं हौद फोडला — तुझ्या बापानं सांगितलं असंल, हसत हसत. सगळेच हसून सांगतात. तू ते पत्र्याचं भांडं सोडव आधी, त्यात चुंबक हाय, त्याला चिकटलेला गाळ पूस, जाळी बाहेर काढ. तोंड बंद ठेवून काम होतं की न्हाई तुझ्याच्यानं?

ही गाडी आणली कुणी? आमच्या मालकांनी. साखर कारखान्याचे चेअरमन, अन् साखरेच्याच बिमारीनं डावा पाय नेला, गुडघ्यापासून. क्लच दाबायला पाय न्हाई, म्हणून पुण्याहून ही जुनी बिनक्लचची आणली. गाव म्हणलं, बायकांची गाडी. त्येंना लई लागलं ते. मग उजव्या पायाचं बी कळेना झालं — सुई टोचली तरी कळायची न्हाई. ड्रायव्हर ठेवावा तर तो गावभर सांगणार, इलेक्शन तोंडावर आलेलं. मग कोण चालवणार? मी. माळावर शिकवलं त्येंनीच. काळ्या काचा होत्या तवा. शीवेपस्तोर मी चालवायची, शीव आली की जागा बदलायची — मी डावीकडं, ते उजवीकडं, काच खाली, हात बाहेर, रामराम. गाव म्हणायचं, काय हिंमत हाय चेअरमनची, एका पायावर गाडी हाणतो. हिंमत म्हणे. आंधळ्यांचं गाव नुसतं.

दुष्काळात कारखान्यानं चारा छावणी घातलती. त्या दिवशी टँकर येऊन गेलता, हौद काठोकाठ, जनावरं दाव्याला हिसके देत होती. छावणीच्या अलीकडं आमी जागा बदलली. अन् हौदापाशी हे ब्रेक दाबायला गेले — पाय कशावर पडला ते पायालाच कळलं न्हाई — गाडी सुटली ती हौदाची भिंत घेऊनच थांबली. पाणी सगळं मातीत. तात्याबा धनगराच्या म्हशी गुडघे टेकून चिखल चाटायल्या, बंकट, ते म्या बघितलंय. धुरळा बसायच्या आत मी त्येंच्यावरून पलीकडं गेले, त्येंना डावीकडं रेटलं, अन् ड्रायव्हरच्या दारानं मीच उतरले. कावून उतरले? मला तरी काय ठावं. तात्याबाच्या मनकर्णानं मूठभर माती उचलून माझ्या तोंडावर मारली, अन् तिचं काय चुकलं? अन् हे — काच खाली करून म्हणाले, चूक माझीच हाय, बाईच्या हातात गाडी दिली. लोकं हसली. सगळी हसली. दुसरा टँकर मागवला, लोकं अजून खूष, अन् त्याच हसण्यावर इलेक्शन निघालं. घरी आल्यावर म्हणतील काहीतरी, असं वाटलं मला — आज म्हणतील, उद्या म्हणतील — पाणी पाजता पाजता मी विचारायची, काही पाहिजे का — न्हाई म्हणायचे. शेवटच्या दिवशी बी न्हाईच म्हणाले.

हात कावून थांबला तुझा? जाळी बसवलीस? भांडं लाव, नटं सारखी आवळ, एकीकडंच पिळू नको. आता वर ये, नरसाळं धर. ओत. सगळं जुनं निघालं न्हाई, निम्मं आतच हाय — थोडे दिवस चालवीन, मग परत काढायचं. एकदम सगळं उपसलं तर मात्र बसंल ती, तेवढं तुझं खरं. सरक, मी चालू करते. इंजिन चालू असतानाच ऑइलची पट्टी बघायची. हं — मागं. आता पुढं. परत मागं. धरलं. बघितलंस? हिसका न्हाई, बोंब न्हाई, जाग्यावर धरलं. पट्टी दाखव इकडं. बास, एवढंच पाहिजे.

असं काय बघतोस माझ्याकडं? मला तुझी कीव नको. अन् पारावर जाऊन सांगशील तर सांग — कोण धरणार खरं? कारखान्याच्या फाटकापाशी मोहनराव भाऊजी आमच्या मालकांचा पुतळा बसवायलेत, दोन्ही पायांचा. हार घालायला मलाच बोलावलंय.

जाणार, न्हाई तर काय करणार.

घमेलं उचल अन् गाडीच्या पुढनं हो. दूध नासायलंय.