अल कुसैसचा संकासुर

मी मूळची कुडाळकडची, माझे बाबा शेती करून दशावतारात संकासुर व्हायचे, म्हणजे वेद चोरणारा तो काळ्या झग्यातला राक्षस, आणि लिहिलेलं काही नाही हां, तोंडात येईल ते बोलायचं, माणसं पोट धरून हसायची. लग्न होऊन मी दुबईला आले, अल कुसैसला, तेव्हा बाबांचा झगा ट्रंकेत घालून आणला, सासू म्हणाली, ह्या कित्याक गो?

तर काय सांगू तुम्हाला ताई, नव्वदच्या पुढची ती वर्षं, आमच्या बिल्डिंगमागे पोरांची एक टोळी झाली. त्यांचा म्होरक्या विशीतला, त्याला सगळे गुरू म्हणत. मनगटाला काळा गंडा, आणि त्याच्या पायाला हात लावून शपथ, की आईबापापेक्षा टोळी मोठी. एकदा शपथ घेतली की मारामारीत मागे हटायचं नाही. शेजारच्या सुलभाचा निलेश त्यात ओढला जात होता, ती माझ्याकडे येऊन रडायची.

आम्ही बायकांनी खालच्या हॉलमध्ये शुक्रवारचा वर्ग काढला. मी आपली संस्कार सांगायला बसले, तर पोरं म्हणतात, आंटी, धिस इज सो बोरिंग. मग ट्रंकेतून बाबांचा झगा काढला. निलेशला म्हटलं, घालतोस? पण आमच्या गावची रीत आहे बाबा, एकदा अंगात घातला की विष्णूच्या हातून मरेपर्यंत उतरवायचा नाही. तो हसला, घातला.

नेमकी त्याच दुपारी त्याची शपथ! खेळ ऐन रंगात आणि गुरू चार पोरं घेऊन दारात. निलेश, यल्ला, चल. सुलभाने माझा हात असा घट्ट धरला. निलेश गुरूकडे वळला. मग झगा सावरून, मीच शिकवलेल्या मालवणीत म्हणतो कसा, कोण रे तू? माका न्हेणारो एकच, विष्णू! तुझे हात किती, दोन? जा, आणखी दोन घेवन ये!

अहो, पोरं जी हसत सुटली! गुरूबरोबर आलेलीसुद्धा फिस्सकन हसली. गुरू लाल झाला, खलास म्हणाला, गेला, पण दोघं आत येऊन बसली. आमची विष्णू झालेली पोरगी सात वर्षांची, ती पुठ्ठ्याचं चक्र घेऊन धावली, आणि निलेश असा धाडकन मेला की सुलभा रडता रडता हसायला लागली.

आता माझे गुडघे गेले. निलेश इथेच नोकरी करतो, शुक्रवारचा वर्ग तोच घेतो. परवा एक नवीन पोरगा कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेला, निलेशने न बोलता झगा त्याच्या डोक्यातून घातला. विटलाय हो तो, मी किती ठिगळं लावली. देवा रवळनाथा, फाटू दे हवा तेवढा, पण पेटीत पडून राहू नको देऊ.